आधी चिमूट, मग अक्षर : बालवाडीतल्या मुलांना लिहायला शिकवताना

जून संपता संपता कुणीतरी आई दारात थांबतेच. “ताई, वही अजून कोरीच दिसतेय. शेजारचा हिच्याएवढाच आहे, त्याची ज्ञपर्यंत झाली.” शेजारच्याची वही मीही पाहिलेली असते. पानभर अ. पहिल्या ओळीत बरा, चौथ्या ओळीत कललेला, शेवटच्या ओळीत नुसता गुंता. त्या पानावर मूल अ किती शिकलं ते सांगता येत नाही, पण लिहिण्याचा कंटाळा करायला नक्की शिकलं.

बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाने मनातलं दोन-चार शब्दांत कागदावर उतरवावं, ते दुसऱ्याला वाचता यावं, एवढंच मी पाहते. ज्ञपर्यंत पोचणं हे माझं उद्दिष्टच नाही. तिथवर जायची जी वाट मला वर्गात सापडत गेली, ती इथे क्रमाने लिहिते आहे. अंगणवाडीतल्या, बालवाडीतल्या ताईंना उपयोगी पडेल, आणि घरी पाटी घेऊन बसणाऱ्या आजी-आजोबांनाही.

हात तयार आहे का?

नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर मनगटाची आठ हाडं त्यात दिसतच नाहीत, कारण तिथे तेव्हा सगळी कूर्चा असते. पुढे वर्षागणिक एकेक हाड घट्ट होत जातं. वाटाण्याएवढं शेवटचं हाड तर साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान दिसू लागतं. साडेतीन वर्षांच्या मुलाने दहा ओळी लिहाव्यात असं म्हणताना हे मनगट आठवावं.

रेघांनाही वय असतं. मूल दोन-अडीच वर्षांचं असताना उभी रेघ बघून काढतं, तीनच्या आसपास आडवी रेघ आणि गोल, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन. तिरप्या रेघा सगळ्यात उशिरा येतात, त्रिकोण पाचच्या पुढेच. म्हणून माझी एक साधी चाचणी आहे. मुलासमोर पाटीवर फुली काढायची आणि म्हणायचं, “अशीच काढ.” मूल फुलीऐवजी अधिक काढत असेल तर र, स, ख या अक्षरांना अजून हात लावायचा नाही. त्यांची तिरपी शेपटी त्याच्या हाताला जमणार नाही, आणि आपण उगाच “नीट काढ” म्हणत राहू.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. म्हणजे लिहायला शिकणं दुसरीपर्यंत चालणार हे कागदोपत्रीही मान्य आहे. बालवाडीत सगळं उरकायची घाई कुणी सांगितलेली नाही.

पायरी पहिली : चिमूट

रांगोळी घालणाऱ्या बाईचा हात जवळून पाहा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकत्र आलेली, उरलेली दोन बोटं तळहाताकडे वळलेली, आणि अंगठा पुढे-मागे सरकतो तशी रेघ सुटत जाते. पेन्सिलची पकड हीच. आपल्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि आपण रबरी पकडी विकत आणतो!

छोट्या शिशूतल्या मुलांना खरी रांगोळी देऊ नका, डोळ्यांत जाते. तांदळाची पिठी किंवा बारीक रवा द्या. ताटलीत मूठभर पिठी, समोर काळा पुठ्ठा. पहिल्या आठवड्यात पिठी नुसती सांडते. दुसऱ्या आठवड्यात ठिपके पडायला लागतात. रेघ यायला महिना लागतो, लागू द्या.

याच्या जोडीला घरातली, अंगणातली कामं: कणकेच्या गोळ्या वळणं, मटार आणि शेंगा सोलणं, मिसळलेले मूग आणि राजमा वेगळे करणं, ओला पंचा पिळणं, दोरीवर चिमटे लावणं, बुटाच्या नाडीत मणी ओवणं, बोथट कात्रीने जुनी वर्तमानपत्रं कापणं. कापसाच्या वाती वळायला दिल्या तर मुलं अगदी गप्प होऊन वळतात. वर्गात शांतता हवी असेल तेव्हाही हा उपाय कामाचा. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. मणी आणि डाळी नाकाकानात जातात, तेव्हा तीन वर्षांच्या मुलांपाशी बसूनच हे करायचं.

बोटांइतकाच खांदाही लागतो. खांदा स्थिर नसला की मूल संपूर्ण हात उचलून लिहितं आणि लवकर दमतं. म्हणून मुलांना उभं राहून मोठं मोठं काढायला द्या. वर्गाच्या भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत काळा रंग देऊन घेतला तर तो जगातला सगळ्यात स्वस्त फळा.

पायरी दुसरी : फरशीवर पाणी

माझं सगळ्यात लाडकं साधन म्हणजे पाण्याचं डबडं आणि रंगाऱ्याचा एक इंची ब्रश. शहाबादी फरशीवर पाण्याची रेघ काळीभोर उठते आणि उन्हाळ्यात दोन मिनिटांत वाळून जाते. चुकलं तर खोडरबर नको, रडणं नको. ज्या मुलाने कागदाला हात लावायचं नाकारलं होतं, ते फरशीवर अंगणभर गोल काढत सुटलेलं मी पाहिलं आहे.

पूर्वी धूळपाटीवर बोटाने अक्षरं काढायचे, ती धुळाक्षरं. जुनाट म्हणून आपण ती सोडली. मारिया मॉन्टेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं, आणि त्यांच्या पद्धतीतली खरखरीत अक्षरं बोटानेच गिरवायची असतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून येणार? तेव्हा बिया, खडे, शिंपले, माती असं तिथे मिळेल ते त्यांनी शिकवायला घेतलं. अनुदान कधी येतं याची वाट पाहणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवावं.

खरखरीत अक्षरं करायची तर हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणा. त्यातून वीतभर उंचीचं अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. सुरुवात जिथून करायची तिथे लाल टिकली लावा, घरातली साधी टिकलीसुद्धा चालते. मुलाने तर्जनी आणि मधलं बोट जोडून त्यावरून फिरवायचं आणि तोंडाने म्हणायचं, “म”. “म मगराचा” नाही, नुसतं “म”. मगर मध्ये आली की काही मुलांना ते अक्षर मगरच वाटतं.

पायरी तिसरी : रेघांची नावं

अक्षरं मोडून पाहिली तर आत थोडेच आकार सापडतात. मुलांसाठी मी त्यांना नावं ठेवली आहेत. उभी रेघ म्हणजे पाऊस, आडवी म्हणजे रस्ता, तिरपी म्हणजे घसरगुंडी, पूर्ण गोल म्हणजे लाडू, अर्धा गोल म्हणजे वाटी, उलटी वाटी म्हणजे छत्री, आणि रेघेच्या टोकाशी येते ती गाठ. तुम्ही तुमच्या गावची नावं ठेवा. पाऊस वरून खालीच पडतो, म्हणून रेघ वरून खाली, हे पुन्हा सांगावं लागत नाही. लाडू वळायची दिशा मात्र आपण ठरवून द्यायची: वरून डावीकडे, खाली, मग उजवीकडून वर. व, ब, क यांचं पोट याच दिशेने भरतं.

दसऱ्याचं पाटीपूजन या टप्प्यात अगदी वेळेवर येतं. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतात ना, ती मोठ्या शिशूच्या मुलांना स्वतः काढू द्या. पन्नास वेळा १ लिहा म्हटलं तर कुणी लिहिणार नाही. सरस्वतीसाठी मात्र सगळे लिहितात. तिचा चेहरा कसाही होऊ दे.

बैठक, पकड, पाटी

मांडी घालून बसलेल्या मुलाला पाटी मांडीवर देऊ नका, पाठीला पोक येतो. समोर पाट किंवा बुटकं बाकडं ठेवा. खुर्चीवर बसणार असेल तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायाखाली विटा ठेवा.

पाटी अजूनही उत्तम. दगडी पाटीवर पेन्सिल थोडी अडखळत सरकते आणि हाताला रेघ जाणवते. गुळगुळीत कागदावर ती पळते. पेन्सिल आखूड द्यायची, अंगठ्याएवढी. लांब पेन्सिल मुठीत धरता येते, आखूड तुकडा चिमटीतच धरावा लागतो. एवढं करूनही मूठ होत असेल तर करंगळी आणि अनामिकेत एक चिंचोका धरायला द्या आणि उरलेल्या तीन बोटांनी लिहायला सांगा. चिंचोका पडला की मूल हसतं, पुन्हा धरतं. पकड बदलायला लागणारी सगळी बडबड वाचते. (पाटीवरची पेन्सिल खाणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. सतत खात असतील तर ओरडू नका, रक्तातलं लोह कमी असू शकतं. डॉक्टरांना दाखवायला सांगा.)

डावखुऱ्या मुलाचा हात बदलायचा नाही. हे आजही सांगावं लागतं, विशेषतः आज्यांना. पाटी त्याच्या समोर, जराशी डावीकडे सरकवून, डावा कोपरा वर जाईल अशी तिरपी ठेवा. रांगेत त्याला डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याशी कोपराची लढाई सुरू होते.

वहीची घाई नको. आधी कोरा कागद, मग पाटीवर खडूने मारलेली एक रेघ, आणि मोठ्या शिशूच्या दुसऱ्या सहामाहीत दुरेघी वही. इंग्रजी अक्षर रेघेवर उभं राहतं, आपलं अक्षर रेघेला लोंबतं. मुलांना मी सांगते, दोरीवर कपडे वाळत घातलेत. सेमी-इंग्रजीच्या वर्गात एकाच आठवड्यात दोन्ही लिप्या सुरू करतात आणि मग मराठी अक्षरं खालच्या रेघेवर जाऊन बसतात. दोन लिप्यांमध्ये निदान काही महिन्यांचं अंतर ठेवा.

पायरी चौथी : अक्षरं, पण अ पासून नाही

वर्णमालेचा क्रम उच्चाराचा आहे. कंठातून निघून ओठांपर्यंत येणारा तो क्रम म्हणायला सुंदर आहे, आणि तो मुलांनी म्हणावाच. लिहायला मात्र तो सोयीचा नाही. अ तर अवघड अक्षरांपैकी एक: दोन वाट्या, मधली आडवी रेघ, उभी रेघ, आणि हे सगळं प्रमाणात.

मी सहा अक्षरांनी सुरुवात करते: ग, म, न, व, ब, क. आणि सातवा काना. सहाही अक्षरांत उभी रेघ आहे, आणि काना म्हणजे नुसती उभी रेघच, म्हणजे पाऊस. एवढ्या सामग्रीत काय काय लिहिता येतं पाहा: मामा, काका, बाबा, नाना, नाक, कान, मान, मका, बाग, गाव, नाव, नवा. अर्धं घर आणि अर्धं गाव सात चिन्हांत येतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मूल खरा शब्द लिहितं, आणि पुढची सगळी ओढ त्यातून येते.

व, ब, क हे कुटुंब कसं घ्यायचं ते सविस्तर सांगते, बाकीची त्याच धर्तीवर.

पहिल्या दिवशी फक्त व. मुलांकडे पाठ करून मी हवेत मोठा व काढते, म्हणजे त्यांचा आणि माझा डावा-उजवा एकच राहतो. तोंडाने बोलत: “मधून निघालो, डावीकडे लाडू वळला, परत आलो. आता पाऊस, वरून खाली. आता दोरी.” दोरी म्हणजे डोक्यावरची रेघ, ती शेवटी. मग सगळे हवेत, मग एकमेकांच्या पाठीवर बोटाने (इथे हसण्यात पाच मिनिटं जातात, जाऊ द्या), मग पिठीत, मग पाटीवर. पाटीवर तीन-चारदाच. त्यातला सगळ्यात छान कोणता ते मुलानेच ठरवायचं आणि त्याभोवती गोल करायचा. मी ठरवत नाही. बहुतेक वेळा मुलाची निवड माझ्याशी जुळते, आणि नाही जुळली तर मूल काय बघतंय ते मला कळतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा व, आणि त्याच्या पोटात एक तिरकी काडी टाकली की ब. काडी अजून नीट तिरकी येणार नाही, चालेल. तिसऱ्या दिवशी व ला उजवीकडे एक बाक काढला की क. चौथ्या दिवशी नवीन काही नाही, फक्त बाबा आणि काका.

पुढची कुटुंबं अशी: ट, ठ, ढ, ड, द ही रेघेला मधोमध लोंबणारी, प, ष, फ, त, ल, च, ज, आणि तिरपी रेघ जमायला लागली की र, स, ख. र आला की स निम्मा झालेला असतो, आणि र ला व चिकटवला की ख. थ-य, ध-घ, भ-म या जोड्या मुद्दाम लांब लांब घ्या. पहिलं पक्कं झाल्यावर दुसरं. फरक सांगायची युक्ती एकच: थ, ध, भ यांची डोक्यावरची रेघ अर्धी, डावीकडे कुरळं टोक मोकळं, य, घ, म यांची रेघ पूर्ण.

ल आणि श दाखवताना मोबाइलवरून किंवा छापील तक्त्यावरून डोळे झाकून उतरवू नका. पुष्कळ फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची असतात. आपला ल पाकळ्यांचा. पाठ्यपुस्तकातलं वळण पाहून मोठं अक्षर स्वतः काढा.

टिंबांची अक्षरं जोडायला मी पहिली दोन-तीन वर्षं भरपूर दिली. छान दिसायची. एकदा एका मुलाशेजारी बसून नुसतं पाहत राहिले. त्याने ग ची उभी रेघ खालून वर जोडली, मग दोरी उजवीकडून डावीकडे काढली, आणि गाठ शेवटी मोकळ्या जागेत बसवली. पान बरोबर, वाट सगळी चूक. तेव्हापासून गिरवायला देते ते सुरुवातीची टिकली लावून, आणि मूल गिरवत असताना शेजारी बसता येणार असेल तरच.

पायरी पाचवी : मुलाचं स्वतःचं लिहिणं

खरं तर ही पायरी पहिल्या दिवसापासून चालू असते. तीन वर्षांच्या मुलाने चित्र काढलं की विचारायचं, “काय आहे हे?” ते म्हणेल, “म्हैस पाण्यात बसली.” ते वाक्य त्याच्यासमोर, त्याच्याच शब्दांत, सावकाश चित्राखाली लिहायचं आणि बोट फिरवत वाचून दाखवायचं. बोललेलं कागदावर राहतं, हे त्याला इथे कळतं. वाक्य सुधारायचं नाही. घरी “म्हस” म्हणत असेल तर म्हस लिहा.

नावाची पाटी प्रत्येकाची असावी, आणि मोठ्या शिशूत हजेरी मुलांनीच लावावी: आत आलं की फळ्यावर आपलं नाव. सुरुवातीला पहिलंच अक्षर, दिवाळीनंतर पूर्ण नाव. नावात ज्ञ किंवा क्ष असेल तरी हरकत नाही, स्वतःच्या नावातलं अक्षर मूल चित्रासारखं उचलतं.

काना पक्का झाला की मात्रा, मग दुसरी वेलांटी, मग उकार. पहिली वेलांटी शेवटी, कारण ती ऐकू नंतर येते आणि लिहायची आधी. तोवर मुलं काय करतात? वेलांट्या, मात्रा गाळतात. “मला पाणी दे” हे “मला पाना द” किंवा नुसतं “मल पन द” असं येतं. ही चूक म्हणून खोडू नका. मुलाने आवाज सुटे करून अक्षरं शोधली आहेत, अवघड काम त्याने केलेलं आहे. खाली आपल्या अक्षरात बरोबर वाक्य लिहा आणि दोन्ही एकदा वाचा. लाल पेन वर्गात नसलेलंच बरं.

एका श्रावणात एका मुलीने सकाळी आल्या आल्या कागदाचा कपटा मागितला, कोपऱ्यात बसून काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि दप्तरात ठेवलं. सुटायच्या वेळी तिला न्यायला आलेल्या मामाच्या हातात दिलं. “मामा मका”. मामा अक्षरशः वाचतच राहिला.

उलटं आलं तर

आरशातल्यासारखी अक्षरं साधारण सहा-सात वर्षांपर्यंत येतात. आकड्यांत जास्तच: ३ चा ६, १ चा ९. आपल्या आकड्यांची रचनाच तशी आहे. कप उलटा धरला तरी कपच असतो, मग ३ उलटा केल्यावर वेगळा का, हा मुलाचा प्रश्न चुकीचा नाही. दिशा दाखवणारी टिकली आणि पिठीत बोटाने सराव एवढं बहुतेकांना पुरतं.

पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही मूल चिमटीत काही धरत नसेल, कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेत असेल, लिहिताना पाच मिनिटांत हात दुखतो म्हणत असेल किंवा सारखे आवाज उलटसुलट ऐकत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. आळशी म्हणण्याआधी.

पालकांना काय दाखवायचं

कोऱ्या वहीचं उत्तर दारात उभं राहून देता येत नाही. म्हणून प्रत्येक मुलाची एक फाइल ठेवते. दर महिन्याला एकच कागद: मुलाचं चित्र आणि त्याने स्वतः लिहिलेलं काहीही, मागे तारीख. गृहपाठ म्हणून पानं देत नाही, कामं देते: आज मटार सोलायचे, आज बाजाराच्या यादीत एक शब्द मुलाने लिहायचा. यादीत “मका” असेल तर आईने तो आणायचाच, ही अट.

फेब्रुवारीच्या पालकसभेत जूनचा आणि जानेवारीचा कागद शेजारी शेजारी मांडते. जूनच्या कागदावर रेघोट्यांचा गोळा असतो. जानेवारीच्या कागदावर, वाकडंतिकडं का होईना, “बाबा नवा बाक” असं काहीतरी असतं. मग मी गप्प बसते आणि चहा ओतायला घेते.